टिल्लूला नापास करण्याबाबत

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार. तुझ्या डाव्या गुडघ्यालाही एक वेगळा नमस्कार, कारण हल्ली तुमच्या घरात सगळं त्याच्याच तंत्राने चालतं असं दिसतं. शेक घेतेस का? जिने चढत नाहीस ना? (चढतेस हे मला माहीत आहे. विचारायचं म्हणून विचारलं.) इकडे आम्ही सगळे खुशाल. नवऱ्याचा खोकला गेला. सासूबाईंची तब्येत उत्तम आहे, इतकी उत्तम की मधे काही दिवस त्या एक अख्खा देश चालवत होत्या, पण ते ओघाने येईलच.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तू कितीही हळू बोललीस तरी शेजाऱ्यांना ऐकू जातं, म्हणून पत्र लिहिलंस हे शहाणपणाचं केलंस. पण पाकिटात पाकीट घालून दोन्हींवर लाल शाईने ‘खाजगी’ लिहायची काय गरज होती? माझ्या हातात पडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने ते उजेडाला धरून बघितलं. घाबरू नकोस, कुणाला एक अक्षर लागलं नाही. तर तुझं म्हणणं थोडक्यात असं: टिल्लू (म्हणजे तुझा एकुलता एक, सहा फूट उंच, चाळिशीला टेकलेला, भूल देणारा डॉक्टर मुलगा, ज्याला टिल्लू म्हणणं आपण सगळ्यांनी कधीच सोडायला हवं होतं) आमच्या संस्थेतर्फे सहा महिने परदेशातल्या दवाखान्यात सेवेला जाणार, ही बातमी तू स्वतः साऱ्या गणगोतात वाजवलीस. आणि मला मात्र गुपचूप लिहितेस की त्याला प्रशिक्षणात नापास कर, कारण नापास झालेल्यांना संस्था पाठवत नाही. वर हे तू सांगितलंस ते त्याला कळता कामा नये, नापास झाल्याचं त्याला वाईट वाटता कामा नये आणि नातेवाइकांत शोभा होता कामा नये. मावशी, इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, फक्त दोन्ही तूच खणलीस.

पण काका गेल्यापासून ह्या घरात संध्याकाळी दोनच माणसं असतात आणि त्यातला तो गेला की उरेन ती मीच, हे जे तू शेवटी बारीक अक्षरात लिहिलंस, ते मी दोनदा वाचलं. त्यामुळे मी तुझं काम मनावर घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते सगळं सांगते. गोळ्या घेऊन मग वाचायला बस.

तू म्हणशील, ह्यात अवघड ते काय, मार्क तूच देतेस. खरं आहे. पण मार्क द्यायला मी तिथे जाऊन बसले कशी, हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. आजवर मी काउंटरवर बसणाऱ्या लोकांना गिऱ्हाइकाशी गोड कसं बोलावं ते शिकवत आले. (गिऱ्हाईक ओरडायला लागलं की आपण पाणी प्यावं, हा माझा गाजलेला धडा.) संस्थेचे सचिव एकदा चुकून माझ्या वर्गात येऊन बसले, आणि त्यांचं असं मत झालं की जिला आपल्या माणसांशी वागायला शिकवता येतं, तिला परक्यांशी वागायला शिकवणं म्हणजे हातचा मळ. परदेशी जाणाऱ्या डॉक्टर-नर्सना तिकडच्या रीतीभाती शिकवायच्या, असं काम त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. मी म्हटलं, अहो, मी परदेश सोडा, विमानतळाच्या आतल्या दारापलीकडे गेलेली नाही. ते म्हणाले, उत्तमच, म्हणजे तुमची मतं बनलेली नाहीत. ह्या माणसाला प्रत्येक अडचणीत सोय दिसते, आणि ती सोय शेवटी दुसऱ्या कुणालातरी करावी लागते.

त्यातून मंडळी नक्की कुठल्या देशात जाणार हेच ठरलेलं नव्हतं. पत्रव्यवहार चालू आहे, एवढंच सचिव सांगायचे. मी वाचनालयात जाऊन पुस्तकं काढली. एकात लिहिलेलं, परक्या घरी काही पुढे केलं तर ताबडतोब घ्यावं, नाहीतर तो अपमान. त्याच फळीवरच्या दुसऱ्यात लिहिलेलं, निदान तीनदा नको म्हणावं, नाहीतर माणूस हावरट ठरतो. तिसऱ्याची निम्मी पानं फाटलेली होती. मला तेच सगळ्यांत प्रामाणिक वाटलं. पण मावशी, एक झालं. मला खरोखरच कुतूहल वाटायला लागलं. माणसं एकमेकांकडे जातात तेव्हा नक्की काय काय करतात? आपण काय करतो? आठवडाभर मी घरातल्या प्रत्येकाकडे परक्यासारखं बघत राहिले, तर आपलंच घर परदेश निघालं.

आईचंच बघ. तुझी बहीण हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाशी बोलत नाही. आधी ते खाली ठेव, मग तोंड उघड. आमच्या सासूबाईंसमोर कुणाची तब्येत विचारायची तर ती सासूबाईंना विचारावी लागते; माझा ताप परस्पर मला विचारलेला त्यांना खपत नाही. थोरले दीर निरोप घेताना पाठ म्हणून वळवत नाहीत, बोलत बोलत उलटे चालत फाटकापर्यंत जातात. (दोनदा कुंडीत बसलेत.) आणि आपले काका आठव. जन्मात त्यांनी कुणाला ‘नाही’ म्हणून दुखावलं नाही. नुसते छताकडे बघायचे, की आपण समजून जायचं, सहलीचे पैसे मिळत नाहीत. ह्या चार गोष्टी एकत्र करून मी एक देश बनवला. सरावाचा देश. इथे चुका करून घ्या, म्हणजे खऱ्या देशात होणार नाहीत, असं त्यामागचं शास्त्र. नाव काही दिलं नव्हतं, पण सगळे त्याला पलीकडचा देश म्हणायला लागले. (हा देश खरा नाही, हे मी पहिल्या दिवशी पंख्याच्या घरघरीत एकदाच सांगितलं. सांगितलं होतं, हे तू लक्षात ठेव, कारण पुढे त्यावरून मला फार ऐकून घ्यावं लागलं.)

वर्ग भरायचा तो दवाखान्याच्या माडीवरच्या खोलीत. तिथे एक लोखंडी खाट आहे, जिची डोक्याची बाजू वर केली की पायाची आपोआप खाली बसते. एक वजनकाटा, एक कधीच पुरता बंद न होणारा नळ, आणि प्लास्टिकच्या खुर्च्या. पेशंट म्हणून मी नवऱ्याला निजवलं, कारण निजणं हे एकच काम तो सांगितल्याबरोबर करतो. आणि खोलीतलं सर्वांत वयस्कर माणूस म्हणून सासूबाईंना खुर्चीत बसवलं. पलीकडच्या देशात पेशंटला काही विचारायचं नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायचं, असा नियम. मावशी, त्या बाईंना मी इतक्या वर्षांत इतकं सुखी कधी बघितलं नव्हतं. आमच्या तुकडीत एक सर्जन आहेत, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणतात (त्यांनीच सांगून ठेवलंय). ते हातातली बॅग खाली ठेवून, नीट बसून सासूबाईंना विचारायचे, पेशंटला कुठे दुखतंय? सासूबाई खाटेकडे ढुंकूनही न बघता स्वतःच्या खांद्यापासून सुरुवात करायच्या. शेवटी पोटावर हात ठेवून घोरणाऱ्या माझ्या नवऱ्याला कंबरेचा पट्टा लिहून दिला गेला. सासूबाईंनी तो आणवला. त्यांना छान बसलाय.

बरं, चार नियमांवर त्या थांबतील तर शपथ. ‘आमच्यात असं चालत नाही’ एवढं म्हणायचा अवकाश, की देशात एक नवीन रीत यायची. पलीकडच्या देशात पेशंटची नाडी धरण्याआधी त्याच्या आईची तब्येत विचारतात. पलीकडच्या देशात मऊ उशीची खुर्ची कुणाला देतात हे सांगायलाच नको. तुकडीतल्या सिस्टर सगळं पाठ करायच्या आणि घरी जाऊन मुलांवर सराव करायच्या. दातांच्या डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या, ही पद्धत सर्वांत शास्त्रीय आहे, तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारणं हीच मुळात चूक. मोठ्या डॉक्टरांचं आणि त्यांचं एकदा छताकडे नुसती नजर न्यायची की मानही उचलायची ह्यावर असं जुंपलं, की मला मध्ये पडून दोन्ही चालतं असा कायदा करावा लागला. इतकी हुशार माणसं मी आजवर शिकवली नव्हती. दर दिवशी घरी जाताना मला वाटायचं, आपण काहीतरी मोठं काम करतोय.

आता तुझ्या चिरंजीवांकडे येते. त्याला नापास कसं करावं ह्या काळजीने मला पहिल्या दिवशी झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी ती काळजी मिटली. मावशी, टिल्लूला काही करावंच लागलं नाही. तो पहिल्या दिवशी उशिरा आला तो आलाच, पुढेही रोज ऑपरेशन उरकून धापा टाकत यायचा, बॅग खांद्यावर तशीच, आणि थेट खाटेपाशी जाऊन माझ्या नवऱ्याला हलवून विचारायचा, काय हो, काय होतंय? सासूबाई घसा खाकरायच्या. हा त्यांना म्हणायचा, तुम्हालाही काही होतंय का? एकदा त्याने पेशंटला बाहेर न्यायची परवानगी मागितली. सासूबाईंनी नियमाप्रमाणे छताकडे बघितलं. ह्यानेही वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, गळतंय का? सिस्टरांनी कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात तुझं नाव घेऊन शून्य मांडलं. त्याला दोष तरी काय देणार? त्याचं सगळं आयुष्य पेशंटच्या डोक्यामागे बसण्यात गेलंय. तो आकडे मोजा म्हणतो, पेशंट तीन-चारपर्यंत पोचतो, संभाषण संपलं. अशा माणसाला रीतीभाती कशा याव्यात? मलाही खरं म्हणजे त्याच्याकडे बघून वाईट वाटायचं. कुठल्याही गोष्टीत त्याचं मन नव्हतं. दुकानात उभ्या केलेल्या छत्रीसारखा तो कोपऱ्यात उभा असायचा.

असं सगळं तुझ्या मनासारखं चाललेलं असताना देश ठरला आणि तिथून पाहुण्या आल्या. तिकडच्या दवाखान्याची सगळी व्यवस्था बघणाऱ्या ह्या बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, आणि आपली भाषा पुस्तकातून शिकलेल्या, त्यामुळे आपल्यापेक्षा शुद्ध बोलणाऱ्या. तुकडी बघायची आणि मग कुणाला न्यायचं ते सांगायचं, म्हणून आल्या होत्या. त्या दारात आल्या मात्र, आमच्या सगळ्यांनी हातातलं होतं नव्हतं ते खाली ठेवलं. फोन, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या; मोठ्या डॉक्टरांनी तर गळ्यातला स्टेथोस्कोपही. बाई जराशा गोंधळल्या. मग त्यांनी आपली पर्स खाली ठेवली, छत्री ठेवली, आणि क्षणभर विचार करून चष्माही काढून ठेवला. खोलीत समाधानाची एक लाट पसरली. मोठे डॉक्टर सासूबाईंकडे वळून म्हणाले, पाहुण्यांचा प्रवास कसा झाला? सासूबाई म्हणाल्या, झाला बरा, पण माझा खांदा धरलाय. बाईंनी हे नीट ऐकून घेतलं आणि तिथून पुढे एक शब्द परस्पर कुणाशी बोलल्या नाहीत. जे काही विचारायचं ते सासूबाईंना. सिस्टरांना घर सोडून यायला काही अडचण आहे का, असं त्यांनी सासूबाईंमार्फत विचारलं, तर सिस्टरांनी लाजून छताकडे बघितलं. बाईंनीही पाठोपाठ वर बघितलं आणि मनाशी काहीतरी नोंदवून घेतलं.

आणि मग तो प्रकार घडला. सचिवांनी तिसऱ्यांदा चहाचा कप पुढे केला, तेव्हा बाईंनी हळूच मान वर करून छताकडे बघितलं. माझ्या अंगावर काटा आला, मावशी. मला वाटलं, मी घरात बसून ज्याची जुळवाजुळव केली तो देश पृथ्वीच्या पाठीवर खरोखरच आहे. तिथे काकांसारखी माणसं रस्त्याने फिरताहेत, कुणाला नाही म्हणायचं जिवावर येऊन आभाळाकडे बघताहेत. मला चक्क रडू यायला लागलं, आणि ते लपवायला मी कप गोळा करू लागले.

निरोपाचा सोहळा तू बघायला हवा होतास. आमची मंडळी पाठ न दाखवता उलटी चालत भिंतीकडे निघाली, बाई चष्म्याशिवाय उलट्या चालत दाराकडे निघाल्या, मोठे डॉक्टर वजनकाट्यावर चढले आणि काट्याने त्यांचं वजन सगळ्यांना दाखवलं. दारापाशी मी ट्रे घेऊन उभी होते. बाईंनी चष्मा चढवला आणि मला हळू आवाजात विचारलं, आमच्या दवाखान्याचं छत पत्र्याचं आहे, तुम्हाला चालेल ना? मी म्हटलं, आम्हाला काय, कसलंही चालेल. त्या म्हणाल्या, मंडळी येण्यापूर्वी मी आमच्या लोकांना हे सगळं शिकवून ठेवीन, फक्त उलटं चालणं जरा वेळ घेईल. मी सचिवांकडे बघितलं. ते प्रशिक्षणाची स्तुती चाललीय असं समजून हसत होते. माझ्या डोक्यात काहीतरी टोचायला लागलं होतं. हिच्या लोकांना हिच्याच देशाच्या रीती हिने का म्हणून शिकवाव्यात?

तेवढ्यात जिन्यावरून टिल्लू आला. नेहमीसारखा उशिरा, बॅग खांद्यावर. समोरून एक परकी बाई भिंतीला हात लावत उलटी चालत येतेय हे बघून तो बाजूला झाला, तिला जिन्याच्या कठड्यापाशी धरलं, आणि म्हणाला, “बाई, तुम्ही उलट्या का चालताय?”

“तुमच्याकडे ही पद्धत आहे ना?” बाई म्हणाल्या.

“आमच्याकडे? छे हो. मला वाटलं तुमच्याकडे आहे.”

मावशी, खोलीतला तो नळ तेव्हा मला स्पष्ट ऐकू आला. मग बाई हसायला लागल्या. हसता हसता त्या तिथल्या बाकावर बसल्या, टिल्लूही शेजारी बसला, आणि तो म्हणाला, मग तुमच्याकडे नक्की कसं करता? मी दाराआड उभी होते. (ऐकत नव्हते. ट्रे जड होता म्हणून थांबले.) बाई म्हणाल्या, आमच्याकडे असं थाटाचं काही नाही. लोक येतात, आम्ही विचारतो, कधी ते सांगतात, कधी ओरडतात. टिल्लूने विचारलं, कशाकशाला येतात? ऑपरेशन कुठे करता? झोपवण्याआधी ती माणसं काय बोलतात? बाई म्हणाल्या, आमच्याकडे झोपवणारा माणूसच नाही. ज्याला कापायचं त्याने दिवसभर गाडीत बसून दुसऱ्या गावी जायचं. टिल्लूने विचारलं, आणि जे जाऊ शकत नाहीत? त्यावर बाईंनी छताकडे बघितलं नाही. त्याच्याकडेच बघत राहिल्या. मग त्यांनी उलट विचारलं, तुमच्याकडे काय बोलतात हो माणसं, झोपण्याआधी? टिल्लू म्हणाला, मी त्यांना आकडे मोजायला सांगतो. एवढं म्हणून त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. तुझ्या मुलाने ती खाली ठेवलेली मी आधी बघितली नव्हती. 

पुढचं लवकर सांगते. माझी खरडपट्टी निघाली. मोठे डॉक्टर रुसलेत आणि वजन चव्हाट्यावर आल्याचाही राग माझ्यावरच काढतात. सिस्टरांना मुलांना पुन्हा सरळ चालायला शिकवावं लागतंय. सासूबाईंना देश बुडाल्याचं अजून मान्य नाही. सचिव म्हणाले, बघा, निदान सगळ्यांना सवय तरी झाली. तेव्हा मी धीर करून मार्कांचा कागद पाहुण्यांपुढे ठेवला आणि सांगितलं, ह्या एका डॉक्टरांना शून्य आहे, नियमाप्रमाणे ह्यांना वगळावं लागेल. (तुझ्यासाठी मावशी, एवढी तोंडावर पडल्यावरही मी हे केलं.) बाई म्हणाल्या, तुमच्याकडे भूल देणारे दुसरे कोण आहेत? मी म्हटलं, कुणी नाहीत. त्या म्हणाल्या, मग बाकीच्यांनी तिथे येऊन काय करायचं, एकमेकांचे दात मोजायचे? झालं. मार्क गेले चुलीत.

आणि त्या दिवसापासून टिल्लूचं काय झालंय ते तुला घरी दिसलं असेलच, पण दवाखान्यात काय झालंय ते मी सांगते. तो आता भूल देण्याआधी प्रत्येक पेशंटला विचारतो, तुम्हाला आत्ता काय वाटतंय? एका आजोबांनी सांगितलं, माझी कवळी कुणाच्या हातात दिलीय त्याचं तोंड लक्षात ठेवा. एका बाईंनी सांगितलं, मी इथे पडले तोवर जाऊबाई फळीवरचे डबे हलवणार, शुद्धीवर आले की आधी त्याचीच चौकशी करणार आहे. एका मास्तरांनी विचारलं, ह्यात स्वप्न पडतं का? टिल्लू म्हणाला, मला ठाऊक नाही, पडलं तर सांगा, आणि आपलं काम संपल्यावरही ते उठेपर्यंत शेजारी बसून राहिला. (पडलं नाही. दोघेही हिरमुसले.) ऑपरेशनं लांबतात म्हणून मोठे डॉक्टर चरफडतात. टिल्लू मात्र जिना दोन-दोन पायऱ्या चढत येतो आणि सगळ्यांत आधी वर्गात येऊन बसतो. पुढे काय शिकवायचं हे मलाच माहीत नसतं, त्यामुळे तो विचारतो आणि आम्ही सगळे मिळून शोधतो.

बाईंनी जाताना एक अट मात्र घातलीय. ज्याच्या घरच्यांचं मन नसेल त्याला त्या नेणार नाहीत. त्या पुढच्या आठवड्यात पुन्हा येतील तेव्हा घरच्या माणसाने इथे येऊन त्यांना समोरासमोर हो किंवा नाही सांगायचं, दुसऱ्या कुणाकरवी निरोप चालणार नाही. तेव्हा टिल्लूला अडवायचं माझ्या हातात काही उरलं नाही. ते सगळं आता तुझ्याकडे आहे. अडवायचं असेल तर तुला सगळ्यांदेखत अडवावं लागेल. मी तुझ्या शेजारी खुर्ची धरून ठेवीन, तू काहीही म्हणालीस तरी.

गुडघ्याला जप. घरातल्या सगळ्यांचा नमस्कार.

तुझी,
देश बुडवलेली भाची

ता. क. एक गोष्ट तुला सांगायची नाही असं ठरवलं होतं, पण पेन खाली ठेववत नाही. तुझं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात टिल्लू माझ्याकडे आला होता. म्हणाला, ताई, मला नापास कर. आईने सगळीकडे सांगून ठेवलंय, तिला किती अभिमान वाटतोय, आता माघार घेतली तर तिचं तोंड पडेल. पण तिला एकटीला टाकून मी जाऊ कसा? आणि हे आईला कळू देऊ नकोस. म्हणजे मावशी, एकाच मुलाला नापास करायची दोन्ही बाजूंनी वशिलेबाजी झालेला माझा हा पहिलाच वर्ग. तुम्ही दोघं एका ताटात जेवता तरी कसे, मला कळत नाही.

ता. क. २. काल तो परत आला. आता त्याला जायचंय. खरोखर जायचंय. पण तुला विचारायचं कसं हे त्याला येत नाही, म्हणून सराव मागत होता. माडीवरच्या खोलीत सासूबाईंना तुझ्या जागी बसवलं. पहिल्यांदा त्या लगेच ‘जा की’ म्हणाल्या. टिल्लू म्हणाला, छे, आई आधी तिकडे थंडी किती आहे ते विचारेल. दुसऱ्यांदा त्यांनी थंडीचं विचारून त्याला चांगलं फैलावर घेतलं. तिसऱ्यांदा, काय त्यांच्या मनात आलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, मग संध्याकाळी मी कुणाची वाट बघू? टिल्लू जाऊन खाटेवर बसला. सासूबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि तो काही अभिनय नव्हता. ह्याचं उत्तर त्याच्याकडे नाही, मावशी. माझ्याकडेही नाही. तरी तो रविवारी दुपारी, तुझी झोप झाली की, तुला विचारणार आहे. तुला काही माहीत नाही असं दाखव, आणि मनात असेल ते त्याच्या तोंडावर सांग. तो ते ऐकून घ्यायला येतोय.

ता. क. ३. उत्तर सापडलं. सासूबाईंना. त्या म्हणतात, वाटच बघायची तर माझी बघावी. सहा महिने त्या तुझ्याकडे येऊन राहणार, रोज संध्याकाळी फिरून येतील, तू दारात उभी राहायचंस. औषधांचा डबा भरून झालाय, कंबरेचा पट्टा वरती ठेवलाय. त्यांना इथून जाऊ देताना मला किती जड जाईल हे मी शब्दांत सांगू शकत नाही (खरंच सांगू शकत नाही, कारण त्या शेजारी बसून हे वाचताहेत, तुझं पत्रही त्यांनी पहिल्याच दिवशी वाफेवर उघडून वाचलं होतं असं आत्ता कळतंय). त्यांचं म्हणणं, मावशींना सांग, उगाच विचार करत बसू नका. त्याला ‘जा’ म्हणा आणि मला ‘या’ म्हणा. दोनच अक्षरांचं काम आहे.